काळा कोट आणि बँकेचा हप्ता

लॉ सीईटीचा निकाल लागला, की घरात पहिला प्रश्न येतो फीचा. बारावीनंतर लॉ म्हणजे पाच वर्षं. त्यात राष्ट्रीय विधी विद्यापीठ मिळालं, तर हॉस्टेल-मेस धरून खर्च लाखांत जातो. मग कुणीतरी म्हणतंच, 'लोन काढ की, सरकारी योजना आहेत!'

आहेत खऱ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना घ्या. तारण नको, जामीनदार नको. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत मिळू शकते. मेख अशी की, योजना ठरावीक संस्थांपुरती आहे, सुरुवातीला देशभरात मिळून ८६०. व्याजसवलतही वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांनाच. तुमचं कॉलेज यादीत नसेल तर बँकेचं नेहमीचं शैक्षणिक कर्ज उरतं. त्यात ४ लाखांपर्यंत मार्जिन लागत नाही.

पण खरी अडचण कर्ज मिळाल्यानंतरची आहे. कोर्स संपल्यावर साधारण एका वर्षाने हप्ता सुरू होतो. कॅम्पसमधून नोकरी लागणाऱ्याला हे जमतं. वकिलीत तसं नसतं. सिनियरकडे जाऊन फायली वाहायच्या, तारखा घ्यायच्या, महिन्याच्या शेवटी जे हातावर ठेवतील ते घ्यायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने कनिष्ठ वकिलांना शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये स्टायपेंड द्यावा, असं सुचवलं. सुचवलं, सक्ती नाही केली.

आता हिशेब करा. ८ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, १५ वर्षांची मुदत. हप्ता बसतो सुमारे ८,६०० रुपये. कोर्स चालू असतानाचं व्याज साठलं, तर आणखी जास्त. जज व्हायचंय? मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा बंधनकारक केली. म्हणजे परीक्षेआधीची किमान दोन वर्षं हप्ता भरत काढायची. शेतकऱ्याच्या, रिक्षावाल्याच्या पोरीला हे परवडेल?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: लॉच्या विद्यार्थ्यांना हप्त्याआधीची सवलत एकऐवजी तीन वर्षांची हवी. नाहीतर हुशार पोरं कर्ज फेडण्यासाठी कंपन्यांच्या लीगल विभागात जातील आणि जिल्हा न्यायालयात उरतील ते ज्यांच्या घरी आधीच वकिली आहे.

तोवर आपण काय करायचं? कर्जाआधी महाडीबीटी उघडा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत बसता का, मुलींच्या शुल्कमाफीत नाव येतं का, ते बघा. मागासवर्गीय महामंडळांच्या व्याज परतावा योजना तपासा. शासकीय किंवा अनुदानित लॉ कॉलेज मिळत असेल तर ते कमीपणाचं मानू नका. आणि बँकेत सही करण्याआधी एवढं विचाराच: शिकत असताना व्याज किती साठेल, आणि पहिला हप्ता नेमका कोणत्या महिन्यात येईल? उद्या दुसऱ्यांचे करार वाचायचे आहेत ना, मग सुरुवात स्वतःच्या करारापासून करा.