पंगत म्हणजे उधळपट्टी नव्हे

कोरेगाव तालुक्यात गावोगावी हरिनाम सप्ताह होतो आणि काल्याच्या कीर्तनानंतर महाप्रसादाची पंगत बसते. त्यावर तीन आक्षेप घेतले जातात. एक, हा पैसा शाळेला द्यावा. दोन, फुकटच्या जेवणानं माणूस लाचार होतो. तीन, अन्नदाता पुण्याच्या लोभानं वाढतो, मग निःस्वार्थ काय उरलं? आक्षेप तळमळीचे आहेत, पण पहिले दोन टिकत नाहीत.

शाळा हवी की पंगत, हा प्रश्नच चुकीचा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचं वसतिगृह काढलं. तिथं मुलं आधी एका चुलीवरचं जेवली, मग एका वर्गात शिकली. संस्थेसाठी आयाबायांनी घरोघरी मूठमूठ धान्य बाजूला काढलं. कोठीतले दाणे संपले तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवलं नाही. आज कोरेगावात रयतेचं महाविद्यालय उभं आहे, त्याच्या पायात ते धान्य आणि ते सोनं आहे.

लाचारीचं म्हणाल, तर ती अन्नातून येत नाही, वाढणाऱ्याच्या नजरेतून येते. पंगतीत बागायतदार आणि त्याच्याच रानात राबणारा मजूर मांडीला मांडी लावून बसतात. वाढपी बादली घेऊन वाकतो, द्रोणात घेवड्याची आमटी ओततो आणि ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतो. तुझी ऐपत काय, तू वर्गणी किती दिलीस, असं तो कुणालाच विचारत नाही. न मागता आणि लायकी न तपासता मिळतं, त्यालाच आपण कृपा म्हणतो.

तिसऱ्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. कर्ण्यावरून देणगीदारांची नावं पुकारली की प्रसादाचा व्यवहार होतो. त्याहून मोठं पाप म्हणजे कुणाला बाजूला बसवणं, कुणाला शेवटी वाढणं. शेजारच्या खटाव तालुक्यातलं कटगुण हे महात्मा फुल्यांचं मूळ गाव. त्यांनी १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. दीडशे वर्षांनंतरही ज्या पंगतीत जात पाहिली जाते, तिथं देवाचं नाव घेण्याचा अधिकार आपण गमावतो.

पण दोष काढायचा म्हणून पंगतच मोडायची नसते. गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांनी दुष्काळात लोकांना शेतात काम देऊन जेवू घातलं, असं त्यांचं चरित्र सांगतं. त्यांच्या समाधिस्थानी अन्नदान आजही चालू आहे. नामस्मरण शिकवणाऱ्या संतानं भुकेल्या पोटाला आधी भाकरी दिली, कारण ती देणं हीसुद्धा त्याची उपासनाच होती. काल्यातही सगळ्यांचं अन्न एकत्र कालवतात. कुणाचा घास कुठला, हे मग ओळखता येत नाही. श्रद्धेची खूण हीच, की आपलं-परकं वेगळं काढता येऊ नये.

म्हणून यंदाच्या सप्ताहात गावांनी एवढं ठरवावं. देणगीची नावं पुकारू नयेत. साऱ्या गावाची पंगत एकच बसावी. पानात लागेल तेवढंच वाढावं आणि सप्ताह कमिटीनं सर्वांत शेवटी जेवावं. एवढं पाळलं, तर तिसरा आक्षेपही उरणार नाही.