टोण्ड दूध म्हणजे कमअस्सल दूध नव्हे

वटार काय नि नालासोपारा काय, दुधाबद्दल दोन समज आपल्या घराघरांत ऐकू येतात. दूध खूप उकळले की कोलेस्टेरॉल जाते, हा एक. टोण्ड दूध म्हणजे पाणी घातलेले दूध, हा दुसरा. आमच्या मते दोन्ही समज सोडून द्यायला हवेत. घरात कुणाला हृदयविकार असेल तर लवकरच.

दुधातले कोलेस्टेरॉल मुख्यतः त्याच्या फॅटमध्ये असते. उकळल्याने किंवा पाश्चराइज केल्याने जंतू मरतात, कोलेस्टेरॉल तेवढेच राहते. ते कमी होते फॅट कमी केल्यावरच. फुल क्रीम दुधात किमान 6 टक्के फॅट असते, टोण्डमध्ये 3 आणि डबल टोण्डमध्ये 1.5 टक्के. साय काढल्यानेही फरक पडतो. पण तीच साय चपातीला लावून खाल्ली, तर हिशेब तोच!

टोण्ड दूध 1940 च्या दशकात मुंबईतच पुढे आले. दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि फॅट काढलेल्या दुधाची पावडर मिसळून ते स्वस्त केले, जास्त घरांत पोहोचवले. गवळ्याने नुसते पाणी घातले तर प्रथिने आणि कॅल्शियमही पातळ होतात. टोण्ड दुधात फॅट सोडून बाकीचे घटक किमान 8.5 टक्के ठेवावेच लागतात. मग यात कमीपणा कसला?

चीजचे उलट आहे. किलोभर चीजला सुमारे दहा लिटर दूध लागते. पाणी निघून जाते, फॅट उरते. म्हणून 100 ग्रॅम दुधात 10 ते 15 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असेल, तर तेवढ्याच चीजमध्ये 100 च्या आसपास. पामतेलाच्या नकली चीजवर 'कोलेस्टेरॉल नाही' असे छापलेले असले तरी भुलू नका. कोणत्याच वनस्पती तेलात ते नसते. पण पामतेलातले संपृक्त फॅट आपल्या रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवते.

लहान मुलांचे दूध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. मोठ्यांनी मात्र पिशवीवरचा फॅटचा आकडा वाचून दूध घ्यावे. बुद्धपौर्णिमेच्या खीरदानालाही टोण्ड दूध वापरावे. खीर तितकीच गोड होते, आणि वस्तीतल्या वडीलधाऱ्यांना ती कमी काळजीने खाता येते.