विक्रांतचे पोलाद आणि राष्ट्राची स्मृती

दरवर्षी ४ डिसेंबरला देश नौदल दिन साजरा करतो. १९७१ च्या त्या रात्री भारतीय क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर केलेल्या धाडसी हल्ल्याचे स्मरण होते, भाषणे होतात, संचलने होतात. या समारंभांत मागच्या रांगेत काही वृद्ध मंडळी शांतपणे बसलेली असतात. ज्या नौकांवर त्यांनी ऐन तारुण्य वेचले, त्या नौका आता कुठे आहेत, असा प्रश्न त्यांना सहसा कोणी विचारत नाही. विचारला, तर त्याचे उत्तर बहुतेक वेळा एकाच शब्दात द्यावे लागेल : भंगारात.

या शोकांतिकेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे भारताची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधायला घेतलेली आणि अर्धवट राहिलेली ही नौका भारताने १९५७ मध्ये विकत घेतली. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे ती नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी गोवा मुक्तिसंग्रामाच्या वेळी अरबी समुद्रात पहाऱ्यावर उभी राहिली. तिची खरी कसोटी लागली ती १९७१ मध्ये. तिच्या एका बाष्पकाला तडा गेला होता. पुरेसा वेग नसेल तर विमाने डेकवरून उडणार कशी, ही चिंता होती. तरीही उरलेल्या बाष्पकांच्या बळावर तिला बंगालच्या उपसागरात उतरवण्याचा निर्णय झाला. तिचा घात करण्यासाठी पाकिस्तानने धाडलेली ‘गाझी’ ही पाणबुडी विशाखापट्टणमजवळ सागरतळाशी गेली, तर ‘विक्रांत’वरून झेपावलेल्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर आगीचा वर्षाव केला. पूर्व पाकिस्तानातील शत्रुसैन्याचा सागरी मार्ग बंद झाला. बांगलादेशच्या जन्मकथेत या नौकेचे एक संपूर्ण प्रकरण आहे.

३१ जानेवारी १९९७ रोजी ‘विक्रांत’ सेवानिवृत्त झाली. तिचे संग्रहालय व्हावे, अशी इच्छा सर्वांनीच बोलून दाखवली. काही वर्षे ती मुंबईच्या गोदीत लोकांना पाहण्यासाठी खुलीही होती. परंतु कायमस्वरूपी व्यवस्था कधीच उभी राहिली नाही. राज्य शासनाने अखेर असमर्थता दर्शवली, लिलाव झाला आणि सुमारे ६० कोटी रुपयांना नौका विकली गेली. न्यायालयाचे दरवाजे ठोठावूनही उपयोग झाला नाही. २०१४ च्या अखेरीस मुंबईतच दारुखान्यात तिच्यावर गॅसकटर चालू लागले. तिच्या पोलादाचा काही भाग पुढे मोटारसायकलींच्या निर्मितीत वापरला गेला आणि २०१६ मध्ये मुंबईत एक छोटे स्मारकशिल्प उभे राहिले. एवढ्यावर समाधान मानायचे काय?

त्यातून काही बोध घेतला गेला म्हणावे, तर ‘विराट’चीही तीच गत झाली. तीस वर्षे भारताची सेवा करून ती ६ मार्च २०१७ रोजी निवृत्त झाली. सिंधुदुर्गातील निवतीच्या किनाऱ्यावर तिचे संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटी रुपयांच्या योजनेला राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मंजुरीही दिली. प्रत्यक्षात २०२० मध्ये तिची अखेरची यात्रा अलंगच्या जहाजतोडणी किनाऱ्याकडे निघाली. मधल्या काळात सत्तेवरील पक्ष बदलले होते. युद्धनौकांच्या नशिबात मात्र फरक पडला नाही. म्हणूनच दोष एखाद्या पक्षाच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. हा दोष समाज म्हणून आपल्या सर्वांचा आहे.

व्यवहाराची बाजूही समजून घेतली पाहिजे. खाऱ्या पाण्यात पोलाद सतत गंजते. ठरावीक काळाने नौका सुक्या गोदीत घेऊन तिची डागडुजी करावी लागते. विमानवाहू नौकेचा आकार पाहता हा खर्च प्रचंड असतो आणि नौदलाने तो नव्या नौकांवरच करावा, हे रास्तच आहे. प्रत्येक नौका जपणे शक्य नाही. पण एकही मोठी विमानवाहू नौका जपता येऊ नये? लंडनच्या थेम्स नदीत ‘बेलफास्ट’ उभी आहे, न्यूयॉर्कमध्ये ‘इंट्रेपिड’ आहे, जपानने ‘मिकासा’ जपली आहे. आपल्याकडेही विशाखापट्टणमने २००२ पासून ‘कुरसुरा’ पाणबुडी किनाऱ्यावर दिमाखात ठेवली आहे. कर्णधार महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांना घेऊन १९७१ मध्ये बुडालेल्या ‘खुकरी’चे नाव धारण करणारी दुसरी नौका २०२२ मध्ये दीवच्या स्वाधीन झाली. जिथे इच्छा होती, तिथे मार्ग निघाला.

महाराष्ट्राला तर या बाबतीत सबब सांगण्याचा अधिकारच नाही. ज्या भूमीत छत्रपती शिवरायांनी आरमार उभारले, सिंधुदुर्गासारखा जलदुर्ग बांधला आणि जिथे कान्होजी आंग्रे यांनी परकीय सत्तांना धाकात ठेवले, त्या भूमीने आपल्या डोळ्यांदेखत ‘विक्रांत’ तुटू द्यावी, हे शोभणारे नव्हे. निवतीजवळ पाण्याखालील संग्रहालयासाठी ‘गुलदार’ ही निवृत्त नौका २०२५ मध्ये राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे सोपवण्यात आली, हे स्वागतार्हच आहे. परंतु असे निर्णय योगायोगावर सोडू नयेत. नौका निवृत्त होण्याच्या आधीच तिचे स्थान, निधी आणि जबाबदारी निश्चित करणारे धोरण हवे.

आणि पोलादाहूनही नाशवंत ठेवा दुसराच आहे. १९७१ मध्ये विशीत असलेले नौसैनिक आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. इंजिन विभागातील असह्य उकाडा, रात्री डेकवर उतरणारे विमान, घरून आलेले आणि महिन्याने हाती पडलेले पत्र, न परतलेला मित्र, हे सारे त्यांच्या मनात आहे. कोकणातील कितीतरी घरांत असे आजोबा आहेत. त्यांच्या आठवणी टिपून घ्यायला शेकडो कोटी लागत नाहीत. एक वही, एक ध्वनिमुद्रक आणि ऐकण्याची तयारी पुरेशी आहे. शाळांनी, ग्रंथालयांनी, तरुण कार्यकर्त्यांनी हे काम आजच हाती घ्यावे.

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे स्वदेशी बांधणीची नवी ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली. तिने जुनीचे नाव घेतले आणि आर ११ हा क्रमांकही घेतला. नौदलाने आपली परंपरा अशी पुढे नेली. त्या जुन्या नावामागे उभ्या असलेल्या माणसांचे अनुभव पुढच्या पिढीपर्यंत पोहोचवणे हे समाजाचे काम आहे, आणि त्यासाठी उरलेला अवधी फार थोडा आहे.