स्लॅब ओतण्याआधीची सही

भिवंडीत २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाऊंडमधली जिलानी इमारत कोसळली. ती १९८४ ची, म्हणून दोष वयावर ढकलता आला. २९ एप्रिल २०२३ ला भिवंडीजवळच्या वळपाड्याची इमारत पडली, आठ जण गेले. ती तर तिशीच्या जवळपासही नव्हती. तीस वर्षांनंतर स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं करणारा महापालिका कायदा अशा इमारतींच्या कामी येत नाही. तपासणी काम चालू असतानाच हवी. पण किती वेळा?

कॅलेंडर पाहून नव्हे, काम पाहून. मंगळवारी काँक्रीटखाली गेलेली सळई शनिवारी येणाऱ्या इंजिनिअरला कशी दिसणार? आयएस ४५६ हे मानक काँक्रीटचे नमुने किती घ्यायचे ते घनमीटरवर ठरवतं: ३१ ते ५० घनमीटरला चार, पुढे दर ५० ला एक जादा. पण या नमुन्यांच्या क्यूबचा पक्का निकाल २८ दिवसांनी, तोवर वरचा मजला चढलेला. शिवाय क्यूब सळईबद्दल अवाक्षर सांगत नाही. म्हणून प्रत्येक कॉलम, प्रत्येक स्लॅब ओतण्याआधी सळया, रिंगांमधलं अंतर, कव्हर ब्लॉक, सेंटरिंग पाहून सही झाल्याशिवाय मिक्सर फिरू नये. बिल्डर म्हणतील, काम रखडेल. रखडतं ते तपासणारा वेळेवर न आल्यानं. खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे, विशेषतः भिवंडीतल्या गोदामांच्या दाटीतल्या छोट्या कामांना. तिथे दर्शनी टाइल्समध्ये काटकसर करा. आणि सही करणाऱ्याचा पगार ठेकेदार देत असेल, तर रोजच्या पाहणीलाही अर्थ नाही. त्याला मालकानंच नेमायला हवं.