पानाची साक्ष

पिकाच्या स्थितीचा निर्णय आजवर बहुधा दोन गोष्टींवरून होत आला आहे : पर्जन्यमापकातील आकडा आणि डोळ्यांना दिसणारा पिकाचा तजेला. दोन्ही उपयुक्त, परंतु दोन्ही अपुऱ्या. पाऊस किती पडला ते पर्जन्यमापक सांगतो; पिकाला ओल किती मिळाली ते सांगत नाही. आणि पान सुरळी धरू लागल्याचे डोळ्यांना दिसते, तोवर पिकाची अन्ननिर्मिती मंदावलेली असते.

सोलापूर भागातील रब्बी ज्वारीचे उदाहरण घ्यावे. हे पीक मुख्यत्वे जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. ओल कमी पडू लागली की झाड आपली पर्णरंध्रे आकसून घेते. त्यामुळे पाण्याची वाफ अडते, पण त्याच वाटेने आत येणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायूही अडतो. हा वायू, पाणी व सूर्यप्रकाश यांतूनच पानात अन्न तयार होते आणि कणसातील दाणा भरतो. म्हणून पान किती वायू शोषते याचे मापन म्हणजे पिकाच्या मिळकतीचा रोजमेळच होय. विहिरीत एकाच पाळीपुरते पाणी असेल, तेव्हा ती पाळी आज द्यावी की आठ दिवसांनी, हा प्रश्न जनावरांच्या कडब्याचा आणि घरच्या भाकरीचा असतो.

असे मापन करणारी, शेतात नेता येणारी उपकरणे आज उपलब्ध आहेत. ती महाग आहेत; प्रत्येक शेतकऱ्याने घ्यावीत असे कोणी म्हणणार नाही. कृषी विज्ञान केंद्रांनी आपल्या प्रात्यक्षिक-शेतांवर ती वापरावीत, हे मात्र अगत्याचे आहे. शेताचा एक लहान तुकडा पुरेसे पाणी व खत देऊन तुलनेसाठी राखावा. निरभ्र सकाळी, एकाच सुमारास, दोन्हीकडील वरचे पूर्ण उमललेले पान मोजावे. एकटा आकडा मुका असतो. शेजारच्या आकड्याशी ताडला म्हणजेच तो बोलतो. ज्वारीचा आकडा गव्हाशी ताडणे तर सर्वथा चुकीचे, कारण वायू बांधून घेण्याची दोन्ही पिकांची रीत भिन्न आहे.

येथे सावधगिरीही हवी. पान काही वेळ अंधारात ठेवून हरितद्रव्याची प्रकाशदीप्ती मोजणारे दुसरे एक उपकरण आहे. त्यावर निरोगी पानाचा आकडा सुमारे ०.८३ येतो. परंतु सौम्य अवर्षणात पर्णरंध्रे मिटत चालली तरी हा आकडा बहुधा ढळत नाही. केवळ त्यावर विसंबणाऱ्याची पाण्याची पाळी चुकेल. शिवाय पीक उपाशी आहे एवढेच मापन सांगते. ते का उपाशी आहे, हे सांगत नाही. ओल सरली, नत्र कमी पडले की माव्याचा चिकटा पसरला, हे कळण्यास माती उकरून आणि पान उलटून पाहिलेच पाहिजे.

म्हणून कार्यकर्त्यांनी मापलेला आकडा, त्या दिवशीचे पानाचे रूप आणि मातीची ओल यांची नोंद एकत्र करून ती चावडीवरील फलकावर लावावी. दोन-तीन हंगामांत शेतकऱ्याची नजर त्या आकड्यांवर घासून लख्ख होईल. मग उपकरण तालुक्यास असले, तरी त्याचे ज्ञान बांधावर राहील.