परिचारिकेच्या निकालाची किंमत

अमेरिकेत परिचारिका म्हणून काम करण्याचा परवाना मिळविण्यासाठी जी परीक्षा द्यावी लागते, आणि जिला उमेदवारांच्या बोलण्यात ‘एनक्लेक्स’ म्हणतात, ती देऊन केंद्राबाहेर पडणाऱ्या तरुणीची मनःस्थिती इतर परीक्षार्थींहून भिन्न असते; कारण आपला पेपर बरा गेला की वाईट, याचा अदमास घेण्याचे जे साधन प्रत्येक विद्यार्थ्यापाशी असते, तेच या परीक्षेच्या रचनेने तिच्याकडून काढून घेतलेले असते. १९९४ पासून संगणकावर होणाऱ्या या परीक्षेत सर्वांना एकच प्रश्नपत्रिका मिळत नाही. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न किंचित कठीण, चुकले की किंचित सोपा, अशा क्रमाने उमेदवाराची पात्रता अजमावीत यंत्र प्रश्न निवडीत जाते, आणि तो सुटण्याची व न सुटण्याची शक्यता साधारणतः समसमान असावी असे पाहते. परिणामी चांगल्या व्युत्पन्न परिचारिकेलाही निम्मे प्रश्न आपल्या हातून गेले असेच वाटत राहते. किमान ८५ व कमाल १५० प्रश्न, मुदत पाच तास. उमेदवार उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहे की खाली, याविषयी यंत्राची शेकडा ९५ खात्री पटली की परीक्षा तेथेच थांबते. ती ८५व्या प्रश्नाला थांबली, तर उत्तम उत्तरांमुळे थांबली की अगदीच वाईट उत्तरांमुळे, हे जाणण्याचा कोणताही मार्ग तिच्यापाशी नसतो. त्यातही १५ प्रश्न पुढील परीक्षांसाठी केवळ पारखून पाहण्याकरिता घातलेले असून त्यांचे गुण धरले जात नाहीत. मात्र ते कोणते, हे तिला सांगितले जात नाही.

अशा अवस्थेत सुरू होणारी प्रतीक्षा सर्वस्वी अन्यायाची आहे, असे माझे म्हणणे नाही. पूर्वी ही परीक्षा कागदावर, वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि जुलैत होई व निकाल कित्येक आठवड्यांनी टपालाने घरी येई. उत्तरपत्रिका तपासल्या जाईपर्यंत थांबणे तेव्हा प्राप्तच होते. आजही केंद्रावरील संगणकाने केलेल्या गुणांकनाची दुसऱ्यांदा पडताळणी झाल्याखेरीज निकाल दिला जात नाही, आणि ज्या परवान्याच्या आधारे उद्या रुग्णाच्या शिरेत औषध सोडावयाचे, त्याच्या बाबतीत ही दक्षता योग्यच आहे. माझी हरकत आहे ती पडताळणीनंतरच्या व्यवहाराला.

अधिकृत निकाल त्या त्या राज्याच्या परिचर्या मंडळाकडून येतो व त्यास सहा आठवड्यांपर्यंत अवधी लागू शकतो. परंतु अनेक राज्यांत ४८ तासांनंतर ७.९५ डॉलर भरणाऱ्या उमेदवारास अनधिकृत निकाल तत्काळ पाहावयास मिळतो. म्हणजे निकाल तयार आहे, दप्तरी दाखल आहे. ज्याचा तो आहे त्यास तो पाहू देण्यासाठी मात्र, परीक्षेची २०० डॉलर फी आधीच वसूल झालेली असताना, निराळी रक्कम मागितली जाते. रक्कम लहान असेल. परंतु जिला रुग्णालयास रुजू होण्याची तारीख कळवावयाची आहे, परवान्यावाचून जिचा परिचारिकेचा पगार सुरू व्हावयाचा नाही, तिच्या व्याकुळतेवर बसविलेली ही पट्टी आहे, आणि लोकांच्या सुरक्षिततेसाठी निर्माण झालेल्या संस्थांना ती शोभत नाही. तेवढे ४८ तासही न निभल्यामुळे कित्येक उमेदवार त्याच परीक्षेसाठी पुन्हा नाव नोंदवून पाहतात आणि संगणकाने दरखास्त नाकारली तर आपण उत्तीर्ण झालो, असा तर्क बांधतात. दरखास्त स्वीकारली गेली तर आणखी २०० डॉलर कापले जाण्याचा धोका असतो, हे ठाऊक असूनही. या युक्तीचा निर्वाळा कोणी देत नाही. तरी लोक ती करतात, यावरून त्या दोन दिवसांचा जाच किती असेल, याची कल्पना यावी.

मराठी वाचकाने हा प्रश्न परका मानू नये. या परीक्षेचे केंद्र मुंबईतही आहे, आणि अमेरिकेबाहेर बसणाऱ्याकडून त्यासाठी आणखी १५० डॉलर घेतले जातात. आपल्याकडे पदविका किंवा पदवी मिळाल्यावर राज्याच्या परिचर्या परिषदेत नोंदणी झाली की काम करता येते. स्वतंत्र परवाना-परीक्षा ही गोष्टच येथील परिचारिकेस नवी असते. वॉर्डातील रात्रपाळी उरकून ती अभ्यासाला बसते, आणि उत्तीर्ण झाल्यावरही भारतात जन्मलेल्यांसाठी व्हिसाची रांग वर्षानुवर्षांची असते. इतक्या दीर्घ प्रतीक्षेची मनाची तयारी केलेल्या स्त्रीस, जो निकाल तयारच आहे तो तरी विनाशुल्क मिळावा.

अनुत्तीर्ण झालेलीचा विचार तर अधिकच निकडीचा आहे. पैसे भरून मिळणाऱ्या निकालात उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच कळते. कोणत्या विषयांत ती अपेक्षित पातळीच्या वर, जवळपास किंवा खाली राहिली, हे सांगणारा अहवाल मागाहून मंडळाकडून येतो. पुनःपरीक्षेसाठी सामान्यतः किमान ४५ दिवस थांबावे लागते. अहवालास सहा आठवडे, म्हणजे ४२ दिवस, लागले, तर आपली उणीव नेमकी कोठे होती हे कळून अभ्यास करण्यास त्या ४५ दिवसांतील तीनच दिवस तिच्या हाती उरतात. पडताळणी संपताच निकाल आणि हा अहवाल, दोन्ही एकत्र व कोणत्याही जादा फीवाचून, प्रत्येक उमेदवारास देण्यात यावेत, अशी मागणी परिचारिकांच्या संघटनांनी, आणि तेथे स्थायिक झालेल्या आपल्या परिचारिकांनीही, त्या त्या राज्याच्या मंडळाकडे लावून धरली पाहिजे.