जखम भरल्यानंतर

मांजराची ‘नखे काढली’ असे आपण म्हणतो आणि तिथेच फसतो. मांजराचे नख बोटाच्या शेवटच्या हाडातून वाढते. ते कायमचे घालवायचे तर ते पेरच सांध्यापासून तोडावे लागते. पुढच्या दोन पंजांची मिळून दहा पेरे. अमेरिकेत अनेक दशके हे बिनदिक्कत चालले, बहुतेकदा सोफा वाचावा म्हणून. जखम भरली की शस्त्रक्रिया यशस्वी! आमचा आक्षेप या मोजपट्टीला आहे.

मांजर चवड्यावर चालते. पेर तुटले की ते वाकवणारी कंडराही सुटते आणि पायावर भार घेण्याची रीत बदलते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात २७४ मांजरे तपासली गेली. निम्म्यांची नखे काढलेली होती. त्यांपैकी ६३ टक्क्यांच्या पंजात एक्स-रेवर हाडाचे तुकडे राहिलेले दिसले. नखे शाबूत असलेल्या मांजरांच्या तुलनेत भलत्या जागी मलमूत्र करण्याचे शक्यता-गुणोत्तर ७.२, चावण्याचे ४.५ आणि पाठदुखीचे २.९ आले. दुखरा पंजा लिटरच्या खड्यांत टेकवण्यापेक्षा मऊ गादी बरी, हा मांजराचा हिशेब समजण्यासारखा आहे. आपल्या दवाखान्यात मात्र ते मूत्राशयाचा रोगी म्हणून येते.

तुकडे राहणे हा दोष करणाऱ्याच्या हाताचा, शस्त्रक्रियेचा नव्हे, असे कोणी म्हणेल. पण तुकडे न राहिलेल्या मांजरांतही वर्तनाचा धोका पुरता टळला नव्हता. अभ्यास मागे वळून पाहणारा होता, त्यातून कार्यकारणभाव निर्विवाद ठरत नाही, हे मान्य. मात्र ज्या शस्त्रक्रियेचा रोग्याला फायदाच नाही, तिच्या बाजूने पुरावा देण्याची जबाबदारी सुरी धरणाऱ्याची असते. ओरखड्याच्या भीतीने नखे काढून चावरे मांजर पदरात घेणे म्हणजे आगीतून फुफाट्यात.

राहिला जुना युक्तिवाद : नखे काढली नाहीत तर लोक मांजरे सोडून देतील. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाने २०१८ मध्ये बंदी घातली; त्यानंतर तिथल्या निवाऱ्यांच्या नोंदींत अशी लाट दिसली नाही. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये तोच मार्ग धरला. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे ११ वे कलम अवयवच्छेदाला क्रौर्यच मानते. नखाची टोके नियमित कापणे आणि अंग ताणून ओरबाडता येईल असा, न डगमगणारा सुतळीचा खांब, एवढ्यावर बहुतेक घरांचे भागते.

परदेशातून आलेल्या कुटुंबाचे, नखे काढलेले मांजर उद्या तुमच्या टेबलावर येईल. लघवीची तपासणी जरूर करा. पण त्याआधी एकेक बोट हलकेच दाबून पाहा, आणि मांजराने पाय ओढून घेतला तर पंजांचा एक्स-रे काढा.